१ मे

१ मे हा ग्रेगरियन दिनदर्शिकेनुसार वर्षातील १२१ वा, तर लीप वर्षात १२२ वा दिवस असतो. या दिवसानंतर वर्ष संपण्यास २४४ दिवस शिल्लक राहतात. जगातील अनेक देशांत हा दिवस आंतरराष्ट्रीय कामगार दिन म्हणून पाळला जातो. भारतात याच दिवशी १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली. त्यामुळे महाराष्ट्रात कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन, तर गुजरातमध्ये कामगार दिन आणि गुजरात स्थापना दिन एकाच तारखेस येतात. महाराष्ट्रात या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

कामगार दिन

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात युरोप आणि अमेरिकेतील कारखान्यांत दहा, बारा किंवा त्याहूनही अधिक तासांचा कामाचा दिवस सर्वसाधारण होता. दिवसाचे आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास स्वतःसाठी, ही मागणी त्या शतकाच्या उत्तरार्धात कामगार चळवळीची प्रमुख मागणी बनली. अमेरिकेतील कामगार संघटनांच्या महासंघाने १८८४ मध्ये ठराव करून १ मे १८८६ पासून आठ तासांचा दिवस लागू व्हावा, असे ठरविले. त्यानुसार १ मे १८८६ रोजी अमेरिकेच्या अनेक शहरांत लाखो कामगारांनी संप केला. शिकागो हे या संपाचे प्रमुख केंद्र होते.

३ मे रोजी शिकागोतील मॅककॉर्मिक कारखान्याबाहेर संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ ४ मे रोजी रात्री हेमार्केट चौकात सभा भरली. सभा संपत आली असता पोलीस ती पांगविण्यास आले आणि त्यांच्यावर बॉम्ब फेकला गेला. त्यानंतर झालेल्या गोळीबारात पोलीस आणि नागरिक असे दोन्ही बाजूंचे लोक मृत्युमुखी पडले. बॉम्ब कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ जणांवर खटला चालून ते दोषी ठरविले गेले. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी ऑगस्ट स्पाईस, अल्बर्ट पार्सन्स, अॅडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना फाशी देण्यात आली. पाचवा आरोपी लुई लिंग याने फाशीच्या आदल्या दिवशी तुरुंगात आत्महत्या केली. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि मूळ खटला न्याय्य नव्हता, असे कारणांसह नमूद केले.

जगभरातील प्रसार

१८८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या समाजवादी पक्ष व कामगार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आठ तासांच्या दिवसासाठी एकाच दिवशी सर्व देशांत निदर्शने करण्याचा ठराव केला. त्यानुसार १ मे १८९० रोजी अनेक देशांत पहिल्यांदा मे दिन पाळला गेला. पुढे सोव्हिएत संघ आणि इतर साम्यवादी देशांत हा राष्ट्रीय सणच झाला. ज्या देशात या दिवसाचा उगम झाला त्या अमेरिकेत मात्र कामगार दिन सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाळतात.

या दिवसाचा उपयोग राज्यकर्त्यांनी निरनिराळ्या हेतूंनी केला. जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ साली १ मे हा राष्ट्रीय श्रम दिन म्हणून जाहीर करून मोठा सोहळा केला आणि दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभरातील कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेऊन त्या संघटना मोडून काढल्या. रोमन कॅथलिक चर्चमध्ये पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून घोषित केला. अमेरिकेत शीतयुद्धाच्या काळात याच तारखेस विधी दिन आणि निष्ठा दिन पाळण्यास सुरुवात झाली.

भारतातील कामगार दिन

मुंबईतील गिरण्या

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांच्या पुढाकाराने ताडदेव येथे उभी राहिली आणि १८५६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत कोकण आणि देशावरून आलेल्या लाखो लोकांच्या श्रमावर परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा परिसर गिरणगाव म्हणून उभा राहिला. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. आठवड्याची सुट्टी ही तिची एक प्रमुख मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. युरोपात पहिला मे दिन पाळला गेला ते वर्षही १८९० हेच होय. तेथे मागणी आठ तासांच्या दिवसाची होती, तर मुंबईत तोवर आठवड्यातील एका दिवसाच्या विश्रांतीसाठी लढावे लागत होते.

गिरणी कामगारांची राजकीय जाणीव १९०८ मध्ये ठळकपणे दिसून आली. मुझफ्फरपूर येथील बॉम्बस्फोटासंबंधी 'केसरी'त लिहिलेल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. याच्या निषेधार्थ मुंबईतील कामगारांनी शिक्षेच्या वर्षांइतकेच दिवस, म्हणजे सहा दिवस, संप केला. ज्या बॉम्बस्फोटावरून हा खटला उद्भवला त्याचाही १ मे या तारखेशी संबंध आहे. ३० एप्रिल १९०८ च्या स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, खुदीराम बोस पकडले गेले.

अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत झाली. तिचे पहिले अध्यक्ष लाला लजपतराय होते. १९२८ मध्ये मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांचा संप केला. याच काळात गिरणी कामगार युनियन पुढे आली.

पहिला मे दिन

भारतातील पहिला मे दिन १ मे १९२३ रोजी मद्रास (आताचे चेन्नई) येथे कामगार नेते सिंगारवेलू चेट्टियार यांच्या पुढाकाराने पाळला गेला. त्या दिवशी समुद्रकिनारी दोन सभा झाल्या. एक मद्रास उच्च न्यायालयासमोरील किनाऱ्यावर आणि दुसरी ट्रिप्लिकेन भागात. कामगार चळवळीचे प्रतीक म्हणून भारतात लाल झेंडा पहिल्यांदा याच प्रसंगी वापरला गेला, असे मानले जाते.

कामाचे तास आणि कायदे

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये संमत केलेल्या आपल्या पहिल्याच करारात औद्योगिक कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्याच करारात ब्रिटिश भारतासाठी मात्र आठवड्याला ६० तासांची वेगळी तरतूद होती. भारतातील मर्यादा पुढीलप्रमाणे टप्प्याटप्प्याने खाली आली.

१९११ – कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तास
१९२२ – दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास
१९३४ – दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास (बारमाही कारखान्यांसाठी)
१९४६ – दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास (बारमाही कारखान्यांसाठी)
१९४८ – स्वतंत्र भारताच्या कारखाने अधिनियमात हीच मर्यादा कायम

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. कामाचे तास कमी करणाऱ्या १९४६ च्या सुधारणेची तयारी त्यांच्या कार्यकाळात झाली. हे कायदे नोंदणीकृत कारखान्यांना लागू होते. शेतमजूर, बांधकाम मजूर, घरकामगार यांसारखे असंघटित क्षेत्रातील कोट्यवधी श्रमिक त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

महाराष्ट्र दिन

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ

स्वातंत्र्याच्या वेळी मराठी भाषक प्रदेश मुंबई प्रांत, मध्य प्रांत व वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांत विभागलेला होता. भाषावार राज्यरचनेच्या मागणीनंतर नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आपला अहवाल दिला. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य आणि मराठी व गुजराती भाषकांचे मिळून द्विभाषिक मुंबई राज्य सुचविले. त्यानंतर महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई अशी त्रिराज्य योजना पुढे आली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी होणार, या शक्यतेने मराठी भाषक प्रदेशात तीव्र असंतोष पसरला.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी या योजनेच्या निषेधार्थ विधानसभेवर निघालेला मोर्चा मुंबईतील फ्लोरा फाउंटन येथे अडविला गेला. मोर्च्यात कामगारांचा मोठा सहभाग होता. पोलिसांच्या गोळीबारात १५ जण मृत्युमुखी पडले. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केल्यावर आंदोलन पुन्हा पेटले आणि आणखी अनेक जण गोळीबारास बळी पडले. चळवळीतील हुतात्म्यांची संख्या सामान्यतः १०६ मानली जाते. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. केशवराव जेधे, श्रीपाद अमृत डांगे, एस. एम. जोशी, आचार्य प्रल्हाद केशव अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट आदी भिन्न विचारांचे नेते या चळवळीत एकत्र आले. अत्रे यांच्या 'मराठा' दैनिकाने आणि शाहिरांच्या कार्यक्रमांनी चळवळ गावोगावी पोहोचविली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेले लाल बावटा कलापथक मूळचे कामगार चळवळीतील होते. 'माझी मैना गावावर राहिली' ही साठे यांची रचना याच काळात लोकप्रिय झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई येथे समितीने मोठे यश मिळविले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आलेल्या पंतप्रधान नेहरूंसमोर समितीने भव्य निदर्शने केली. द्विभाषिक राज्य टिकणार नाही, हे यानंतर हळूहळू मान्य होत गेले.

राज्याची स्थापना

संसदेने १९६० मध्ये संमत केलेल्या मुंबई पुनर्रचना अधिनियमात १ मे १९६० हा नियत दिवस ठरविण्यात आला. त्या दिवशी मुंबई ही राजधानी असलेले महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. श्रीप्रकाश हे राज्याचे पहिले राज्यपाल, तर यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. स्थापनेच्या वेळी राज्यात २६ जिल्हे होते. आज त्यांची संख्या ३६ आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूर येथे भरविले जाते.

बेळगाव, कारवार, निपाणी आदी सीमाभागातील मराठी भाषकांच्या दृष्टीने मात्र हा दिवस अपूर्ण राहिला. हा भाग १९५६ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यात (आताचे कर्नाटक) समाविष्ट झाला होता आणि १९६० मध्येही तेथेच राहिला. सीमाभागातील अनेक मराठी भाषक कर्नाटकाच्या स्थापनेचा १ नोव्हेंबर हा दिवस काळा दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

साजरीकरण

महाराष्ट्र दिनाचा मुख्य शासकीय कार्यक्रम मुंबईतील दादर येथील शिवाजी पार्क मैदानावर होतो. राज्यपाल ध्वजवंदन करतात आणि पोलीस दलांचे संचलन होते. जिल्ह्याच्या ठिकाणीही ध्वजारोहण केले जाते. ग्रामसभेच्या ठरलेल्या दिवसांत १ मे चा समावेश आहे आणि अनेक शाळांत वार्षिक निकाल याच दिवशी दिला जातो. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ पासून अधिकृत राज्यगीत आहे. महाराष्ट्राबाहेरील आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळेही हा दिवस साजरा करतात.

गुजरात स्थापना दिन

गुजराती भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात चळवळ झाली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबाद येथे विद्यार्थ्यांच्या निदर्शनांवर झालेल्या गोळीबारात काही तरुण मृत्युमुखी पडले. १ मे १९६० रोजी समाजसेवक रविशंकर महाराज यांच्या हस्ते साबरमती आश्रमात गुजरात राज्याचे उद्घाटन झाले. जीवराज मेहता हे पहिले मुख्यमंत्री होते. सुरुवातीला अहमदाबाद ही राजधानी होती. १९७० मध्ये ती गांधीनगर येथे हलविण्यात आली. दोन्ही राज्यांनी दावा सांगितलेला डांग जिल्हा गुजरातमध्ये समाविष्ट झाला.

दोन दिनांचा परस्परसंबंध

महाराष्ट्रात १ मे चे दोन अर्थ केवळ तारखेमुळे जोडलेले नाहीत. मुंबई महाराष्ट्रात असावी या मागणीला शहरातील मराठी कामगारवर्गाचे मोठे पाठबळ होते. समितीचे नेते डांगे हे गिरणी कामगार युनियनचेही नेते होते. फ्लोरा फाउंटन परिसरास पुढे हुतात्मा चौक हे नाव देण्यात आले. तेथील हुतात्मा स्मारकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प आहे. राज्य कोणाच्या बळावर मिळाले, याविषयीची तत्कालीन भावना या शिल्पातून व्यक्त होते. १ मे रोजी या स्मारकास अभिवादन करण्याचा प्रघात आहे.

राज्यस्थापनेनंतर दोन दशकांनी याच कामगारवर्गावर मोठे संकट आले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्यानंतरच्या वर्षांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर व्यापारी संकुले व उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. अनेक कामगार कुटुंबे उपनगरांत किंवा मूळ गावी गेली. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना वा त्यांच्या वारसांना घरे मिळावीत, ही मागणी त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिली आणि मे दिनाच्या कार्यक्रमांतही ती मांडली जाते.

राज्याच्या प्रशासनातील १ मे

राज्यस्थापनेची तारीख म्हणून महाराष्ट्रातील अनेक प्रशासकीय बदल याच दिवशी अमलात आणले गेले.

१९६२ – वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींना अनुसरून केलेल्या १९६१ च्या अधिनियमानुसार जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या.
१९८१ – रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग आणि प्रामुख्याने तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून जालना हे जिल्हे वेगळे झाले.
१९९९ – परभणी जिल्ह्यातून हिंगोली आणि भंडारा जिल्ह्यातून गोंदिया हे जिल्हे निर्माण झाले.

इतर दिनविशेष

युरोपात १ मे हा वसंतोत्सवाचा पारंपरिक दिवस आहे. फुलांच्या माळांनी सजविलेल्या खांबाभोवती नृत्य करण्याची प्रथा अनेक देशांत आढळते. कामगार दिनापेक्षा हा उत्सव कितीतरी जुना आहे.
हवाई बेटांवर १९२८ पासून फुलांच्या हारांचा दिन साजरा केला जातो.
मार्शल बेटांवर हा संविधान दिन आहे.

महत्त्वाच्या घटना

अठरावे आणि एकोणिसावे शतक

१७०७ – इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या एकीकरणाने ग्रेट ब्रिटनचे राज्य अस्तित्वात आले.
१७८६ – मोत्सार्टच्या 'फिगारोचा विवाह' या संगीतिकेचा पहिला प्रयोग व्हिएन्ना येथे झाला.
१८४० – जगातील पहिले चिकटविता येणारे टपाल तिकीट, 'पेनी ब्लॅक', ब्रिटनमध्ये विक्रीस आले.
१८५१ – लंडन येथे क्रिस्टल पॅलेसमधील महाप्रदर्शनाचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले.
१८९७ – स्वामी विवेकानंदांनी कलकत्ता येथे रामकृष्ण मिशनची स्थापना केली.

विसावे शतक

१९३१ – न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उद्घाटन झाले.
१९४५ – हिटलरच्या मृत्यूची बातमी जर्मन नभोवाणीने जाहीर केली.
१९५६ – जपानमधील मिनामाता येथे एका अज्ञात मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगामुळे तो होतो, हे पुढे सिद्ध झाले.
१९६० – अमेरिकेचे यू-२ हेरगिरी विमान सोव्हिएत संघाने पाडले.
१९६४ – बेसिक या संगणकभाषेतील पहिला कार्यक्रम अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात चालविला गेला.
१९७७ – इस्तंबूलच्या तक्सीम चौकातील मे दिनाच्या सभेत गोळीबार व चेंगराचेंगरी होऊन किमान ३४ जण मृत्युमुखी पडले.
१९९९ – १९२४ मध्ये बेपत्ता झालेले गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांचे शव एव्हरेस्टवर सापडले.

एकविसावे शतक

२००४ – दहा देश युरोपीय संघात सामील झाले.
२०१६ – पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा प्रारंभ उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाला.
२०१९ – नारुहितो जपानचे सम्राट झाले.

जन्म

१७६९ – आर्थर वेलस्ली, वेलिंग्टनचा ड्यूक. १८०३ मध्ये आताच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठा सैन्याविरुद्धच्या लढाईत इंग्रज सैन्याचा सेनापती.
१८५२ – सांतियागो रामोन इ काहाल, स्पॅनिश मज्जाशास्त्रज्ञ, १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी.
१९१३ – बलराज साहनी, हिंदी चित्रपट अभिनेते. 'दो बिघा जमीन' चित्रपटातील रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी विशेष प्रसिद्ध.
१९१९ – मन्ना डे, पार्श्वगायक.
१९२२ – मधू लिमये, समाजवादी नेते व लेखक. गोवा मुक्ती आंदोलनात पोर्तुगीजांच्या तुरुंगात कारावास भोगला.

मृत्यू

१८७३ – डेव्हिड लिव्हिंग्स्टन, आफ्रिकेचे संशोधक.
१९०४ – आंतोनिन द्वोर्झाक, चेक संगीतकार.

१९९३ – रणसिंगे प्रेमदासा, श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष. कोलंबो येथे मे दिनाच्या मिरवणुकीत बॉम्बस्फोटात हत्या.
१९९४ – आयर्टन सेना, ब्राझीलचा मोटार शर्यतपटू. इमोला येथील शर्यतीत अपघाती मृत्यू.
२००८ – निर्मला देशपांडे, गांधीवादी समाजसेविका.